आत किती माणसं आहेत?

कुठे कुणी माणसं ओलीस धरली, की टीव्हीसमोर बसलेल्या घराघरांत एक प्रश्न हमखास येतो : द्या ना त्यांना काय हवं ते, माणसं तरी वाचतील! थोड्या वेळाने त्याच घरातून दुसरा प्रश्न येतो : मग एवढे कमांडो पोसलेत कशाला, आत का घुसत नाहीत? डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं अपहृत विमान कंदाहारला उभं होतं, तेव्हा आपण हे दोन्ही प्रश्न विचारले. तीन दहशतवादी सोडून प्रवासी परत आणले गेले आणि तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर अजूनही वाद होतात.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी आणखी एक साधा प्रश्न येतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सरकारला ठाऊक असणार असं आपण धरून चालतो. आत किती माणसं आहेत? २००४ साली रशियातल्या एका छोट्या गावातली शाळा ओलीस धरली गेली, तेव्हा सरकारने या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं. शाळेतला तो प्रसंग तीन दिवसांत संपला, पण त्या उत्तराचे परिणाम अजून संपलेले नाहीत.

१. पहिली सप्टेंबर

रशियाच्या दक्षिण टोकाला कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी उत्तर ओसेतिया नावाचं एक छोटं प्रजासत्ताक आहे. राजधानी व्लादिकाफ्काझ. तिच्या जवळच बेसलान हे सुमारे ३५ हजार वस्तीचं गाव आहे. गावातली सर्वांत जुनी शाळा १८८९ सालची. तिचं नाव नुसतं 'शाळा क्रमांक १'. आजोबा, वडील आणि नातू असे तिघेही याच शाळेत शिकलेले, अशी घरं गावात बरीच होती.

रशियात शाळा दरवर्षी १ सप्टेंबरला सुरू होतात. या दिवसाला 'ज्ञानदिन' म्हणतात. पहिलीची मुलं नवे कपडे घालून, शिक्षकांसाठी फुलं घेऊन येतात आणि त्यांच्याबरोबर आई-वडील, आजी-आजोबा, कडेवरची धाकटी भावंडंही येतात. म्हणून ओलिसांत तान्ही मुलं होती आणि सत्तरी ओलांडलेली माणसंही.

१ सप्टेंबर २००४ रोजी सकाळी नऊच्या सुमारास कवायतीच्या वेळी हत्यारबंद टोळी ट्रकमधून आली आणि अंगणातला सगळा जमाव तिने आत हाकलला. अधिकृत आकड्याप्रमाणे हल्लेखोर ३२ होते. त्यांना पाठवणारा चेचेन बंडखोरांचा म्होरक्या शामिल बसायेव स्वतः तिथे नव्हता. जवळच्या चेचन्या प्रांतातून रशियन फौजा काढा आणि चेचन्याचं स्वातंत्र्य मान्य करा, ही त्यांची मागणी होती.

बहुतेकांना शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये कोंबण्यात आलं. हा हॉल साधारण २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे २५० चौरस मीटरचा. आत अकराशेहून अधिक माणसं. भागाकार केला तर एका माणसाच्या वाट्याला जेमतेम दीड फूट बाय दीड फूट जमीन येते. तेवढ्या जागेत बावन्न तास काढायचे होते. डोक्यावर, बास्केटबॉलच्या एका रिंगेपासून दुसऱ्या रिंगेपर्यंत बांधलेल्या दोरीला बॉम्ब टांगलेले. पुढे अन्न नाही, पाणी नाही, आणि उकाडा असा की मुलांनी अंगावरचे कपडे काढून टाकले. पहिल्याच दिवशी धडधाकट पुरुषांना वेगळं काढून गोळ्या घालण्यात आल्या.

२. शाळाच का?

विमान असो, दवाखाना असो की शाळा, ओलीस धरणाऱ्याला आतल्या माणसांशी काही देणंघेणं नसतं. तो बाहेरच्यांशी बोलत असतो. आतली माणसं जितकी निष्पाप, तितका त्याचा आवाज मोठा होतो. बसायेवला हे अनुभवाने माहीत होतं.

जून १९९५ मध्ये त्याने दक्षिण रशियातल्या बुद्योनोव्स्क गावाच्या इस्पितळात दीड हजाराच्या आसपास माणसं ओलीस धरली होती. सैन्याचा हल्ला फसला. मग रशियाचे पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्याच्याशी फोनवर बोलणी केली. शंभराहून अधिक लोकांचे जीव गेले होते, तरी बसायेव आपली माणसं घेऊन सुखरूप परतला आणि वर त्याला युद्धविराम मिळाला. असं केलं की चालतं, हे तो तिथे शिकला.

सरकारनेही धडा घेतला, तो नेमका उलटा : पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोच्या दुब्रोव्का भागातल्या नाट्यगृहात आठशेहून अधिक प्रेक्षक ओलीस धरले गेले, तेव्हा बोलणी पुढे न नेता सभागृहात गुंगीचा वायू सोडण्यात आला. हल्लेखोर सगळे मारले गेले, पण १३० ओलीसही दगावले. त्यांतले बहुतेक त्या वायूमुळे गेले, कारण बाहेर उभ्या डॉक्टरांना तो कोणता वायू आहे हे सांगितलंच गेलं नव्हतं. हीसुद्धा माहिती दडवण्याचीच गोष्ट आहे. बेसलानला दोन वर्षं उरली होती.

दुब्रोव्काचा धडा हल्लेखोरांच्याही लक्षात होता. बेसलानच्या हॉलमध्ये शिरल्यावर त्यांनी आधी खिडक्यांच्या काचा फोडायला लावल्या, म्हणजे वायू आत साचणार नाही.

३. ३५४

लग्नात पंगतीला पानं किती, हे विचारल्याशिवाय आचारी चूल पेटवत नाही. ओलिसांच्या सुटकेचा हिशोबही असाच आकड्यावरून सुरू होतो. रुग्णवाहिका किती, रक्ताच्या बाटल्या किती, भाजलेल्यांसाठी खाटा किती, अग्निशमनाचे बंब किती, कोणत्या दारातून किती माणसं बाहेर येतील, हे सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून असतं.

अधिकाऱ्यांनी जगाला सांगितलेला आकडा होता ३५४. प्रत्यक्षात आत ११२८ माणसं होती असं पुढे ठरलं. म्हणजे सांगितलेला आकडा खऱ्याच्या एक तृतीयांशही नव्हता. शाळेच्या पटावरच आठशेहून अधिक मुलं होती आणि शाळेबाहेर पालकांची गर्दी उभी होती. कोण सापडत नाही याच्या याद्या हे लोक हातांनी लिहीत होते. पालिकेच्या शिपायालाही हा आकडा खोटा आहे हे कळलं असतं.

मग सांगितला का? घाईत झालेली चूक म्हणावी, तर ती दोन दिवस सुधारली गेली नाही. माझं मत असं, की हा आकडा आधीच गृहीत धरलेली जीवितहानी लहान दाखवण्यासाठी होता. त्याचा परिणाम मात्र वेगळाच झाला, हे वाचलेल्यांच्या साक्षींतून कळतं. आतल्या हल्लेखोरांनी बातम्या ऐकल्या आणि ते चवताळले. तुमच्या सरकारलाच तुमची किंमत नाही, असं ते ओलिसांना सांगू लागले, आणि तोवर नळाचं जे थोडंफार पाणी मिळत होतं तेही बंद झालं. मुलांनी स्वतःचं मूत्र प्यायलं ते त्यानंतर.

इथे एक फरक करायला हवा. संकटकाळी सरकारने काही गोष्टी लपवायलाच हव्यात. २६/११ ला मुंबईत कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर थेट दिसत होत्या, त्या पाकिस्तानात बसलेले सूत्रधार पाहत होते आणि फोनवरून ताजमधल्या हल्लेखोरांना सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच होते. पण जवान कुठे दबा धरून बसलेत हे न सांगणं वेगळं आणि आत माणसं किती याबद्दल खोटं सांगणं वेगळं. पहिल्याने हल्लेखोर आंधळा होतो. आत माणसं किती आहेत हे मात्र हल्लेखोराला मोजून ठाऊक असतं, त्यामुळे दुसऱ्याने फसतात ती आपलीच माणसं.

४. आत गेलेला एकच माणूस

वाटाघाटीचं साधं सूत्र असं : वेळ काढायचा आणि लहान देवघेवीने सुरुवात करायची. पाणी द्या, त्या बदल्यात आजारी माणसं सोडा. प्रत्येक देवघेवीने आतली माणसं कमी होतात आणि समोरचा थकत जातो. मोठी मागणी तोवर टेबलावर पडून राहते. 'दहशतवाद्यांशी बोलणार नाही' असं सगळी सरकारं जाहीरपणे म्हणतात आणि पडद्याआड बहुतेक सगळी बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बेसलानमध्ये हे सूत्र एकदाच वापरलं गेलं. २ सप्टेंबरला दुपारी शेजारच्या इंगुशेतियाचे माजी अध्यक्ष रुस्लान आउशेव शाळेत गेले. हल्लेखोरांत इंगुश होते आणि आउशेव यांना त्या समाजात मान होता. क्रेमलिनशी मात्र त्यांचं फाटलेलं होतं. त्यांनी बसायेवच्या मागण्यांचा कागद आणला आणि बरोबर २६ ओलीस, तान्ही मुलं आणि त्यांच्या आया, बाहेर आणले. तीन दिवसांत बोलणी करून सुटलेली माणसं एवढीच. शाळेच्या आत गेलेला प्रतिष्ठित माणूसही एवढाच. तेव्हाच्या ज्या पदाधिकाऱ्यांना हल्लेखोरांनी बोलावलं होतं, त्यांच्यातलं कुणी आत गेलं नाही.

५. तिसरा दिवस आणि न सुटलेला वाद

३ सप्टेंबरला दुपारी एकच्या सुमारास आपत्कालीन विभागाची माणसं अंगणात पडलेले मृतदेह उचलायला आली. त्याला हल्लेखोरांनी संमती दिली होती. त्याच वेळी हॉलमध्ये लागोपाठ दोन स्फोट झाले. भिंतीला भगदाड पडलं, मुलं त्यातून पळत सुटली आणि त्यांच्या पाठीवर गोळ्या झाडल्या गेल्या. छताला आग लागली. अल्फा आणि विम्पेल या विशेष दलांचे काही जवान त्या वेळी दुसऱ्या एका इमारतीत हल्ल्याचा सराव करत होते. योजना अशी नव्हतीच, जे हाताशी होतं ते घेऊन जवान धावले. या दलांचे दहा जवान त्या दिवशी मेले. एका मोहिमेत त्यांचे इतके जवान त्याआधी कधी गेले नव्हते. कितीतरी जण अंगाने मुलांना झाकताना मेले, हे वाचलेली मुलंच सांगतात.

रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या. अर्थातच पडल्या. गावकऱ्यांनी आपापल्या गाड्यांतून रक्ताळलेली मुलं इस्पितळात नेली. हॉलच्या आगीवर पाण्याचा पहिला फवारा पडायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तोवर छत खाली आलेलं होतं.

हल्लेखोर सोडून ३३४ माणसं मेली. त्यांपैकी ३१८ ओलीस होते आणि ओलिसांपैकी १८६ मुलं. सातशेहून अधिक जखमी.

पहिला स्फोट कुणी केला? संसदीय आयोगाचा निष्कर्ष : हल्लेखोरांच्याच बॉम्बने. पण याच आयोगाचे सदस्य आणि स्फोटशास्त्राचे जाणकार युरी सावेल्येव यांनी वेगळा अहवाल लिहिला. त्यांच्या मते पहिले स्फोट बाहेरून झालेल्या माऱ्यामुळे झाले. हा वाद आजवर मिटलेला नाही आणि तो इथे मिटवण्याचा आव मी आणणार नाही. दुसरा मुद्दा मात्र वादाच्या पलीकडे गेलाय. शाळेवर 'श्मेल' नावाची अस्त्रं डागली गेली. हे खांद्यावरून सोडायचं अस्त्र असतं, त्यातलं इंधन हवेत पसरून पेटतं आणि बंद खोलीतली हवाच जाळतं. रणगाड्यांचे गोळेही डागले गेले. सरकारने आधी 'श्मेल' नाकारलं. गावकऱ्यांना आसपासच्या छतांवर त्याच्या रिकाम्या नळ्या सापडल्या, तेव्हा ते कबूल करावं लागलं.

६. गावात काय उरलं

मानसिक आघाताबद्दल वाचताना आपण एका माणसाचा विचार करतो. मोठा आवाज झाला की दचकणं, झोप न लागणं, बंद खोलीत जीव घुसमटणं, 'मी वाचलो आणि ती का नाही' हा सल. बेसलानच्या मुलांना हे सगळं होतंच, आणि काही जण स्फोटाचे तुकडे अंगात घेऊनच मोठे झाले. पण त्यांची अडचण आणखी वेगळी होती. आघातातून मूल सावरतं ते आई, आजी, शेजारी, शिक्षक यांच्या आधाराने. इथे आधार देणारा प्रत्येक जण स्वतःच कुणाला तरी पुरून आला होता. ज्या घरात मूल वाचलं त्या घराने आनंद दाखवायचा कसा? बाहेरून मदतीचे पैसे आले, त्यावरूनही गावात कुजबुज झाली. इतक्या छोट्या गावात दुःखाची मोजणी सुरू झाली, की माणसं एकमेकांची नजर चुकवू लागतात.

त्यात ग्रिगोरी ग्राबोवोय नावाचा एक भोंदू आला. मेलेली मुलं आपण जिवंत करू शकतो असा त्याचा दावा होता. काही आया त्याच्याकडे गेल्या. या बायकांना लोक हसले, ते मला कधीच समजलं नाही. सरकारी कागदावर विश्वास उरला नाही, की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. २००८ मध्ये ग्राबोवोयला फसवणुकीसाठी तुरुंगवास झाला. तोवर 'बेसलानच्या माता' या संघटनेत फूट पडली होती आणि 'बेसलानचा आवाज' ही दुसरी संघटना उभी राहिली होती.

आणखी एक भीती होती, ती टळली. ओसेतियन आणि इंगुश यांच्यात १९९२ साली जमिनीवरून रक्तपात झालेला होता. हल्लेखोरांत इंगुश आहेत हे कळल्यावर, चाळीस दिवसांचं सुतक संपलं की गावातले पुरुष सूड घ्यायला निघतील अशी धास्ती सगळ्यांना होती. चाळीस दिवस संपले आणि तसं झालं नाही. गावाच्या या संयमाची दखल फारशी कुणी घेतली नाही. बातमी न झालेली गोष्ट इतिहासातही जागा मिळवत नाही.

आयांनी मोर्चा वळवला तो न्यायालयाकडे. जिवंत पकडलेला एकमेव हल्लेखोर नूरपाशी कुलायेव याच्यावर २००५ मध्ये व्लादिकाफ्काझला खटला चालला आणि २००६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. आयांना त्या खटल्यात त्याच्या शिक्षेपेक्षा साक्षी हव्या होत्या. दिवसामागून दिवस वाचलेले लोक येत, काय पाहिलं ते सांगत आणि ते सगळं नोंदवलं जाई. अधिकाऱ्यांनी न केलेली चौकशी या बायकांनी दुसऱ्याच्या खटल्यातून करून घेतली.

७. शाळेवरचा हल्ला आणि राज्यपालांची निवडणूक

हल्ला संपल्यावर दहा दिवसांनी, १३ सप्टेंबरला, अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी जाहीर केलं, की प्रांतांचे राज्यपाल यापुढे जनता निवडणार नाही, नावं मॉस्को सुचवेल. देशाच्या एकीसाठी सत्तेची साखळी घट्ट हवी, हे कारण. बेसलानच्या शाळेत त्या दिवशी कसलाही खास बंदोबस्त नव्हता, याचा राज्यपालांच्या निवडणुकीशी काय संबंध, हे आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. २०१२ मध्ये या निवडणुका बऱ्याच अटींसह परत आल्या. उत्तर ओसेतियात मात्र प्रमुख आजही थेट मतदानाने निवडला जात नाही, तिथली विधानसभा निवडते. ज्या प्रांताने मुलं गमावली, त्यानेच हा हक्कही गमावला.

शाळांना कुंपणं आली, दारात रखवालदार आणि धातुशोधक आले. तरीही २०२१ मध्ये कझानच्या आणि २०२२ मध्ये इझेव्स्कच्या शाळेत बंदूकधारी शिरले आणि मुलं मेली.

८. स्ट्रासबर्ग

देशात दाद मिळेना, तेव्हा चारशेहून अधिक बेसलानवासी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. युरोपीय परिषदेच्या सदस्य देशाचा कोणीही नागरिक आपल्याच सरकारविरुद्ध इथे दाद मागू शकतो. रशिया तेव्हा सदस्य होता.

१३ एप्रिल २०१७ रोजी निकाल लागला. त्या भागात शाळा सुरू होण्याच्या दिवशी शिक्षणसंस्थेवर हल्ला होईल अशी माहिती यंत्रणेकडे काही दिवस आधी आली होती, तरी पुरेशी खबरदारी घेतली गेली नाही. सुटकेच्या मोहिमेला नीट नेतृत्व नव्हतं. ओलीस आत असताना रणगाडे, ग्रेनेड आणि 'श्मेल' वापरले गेले. आणि तपास असा झाला, की एक तृतीयांशाहून अधिक मृतांच्या मृत्यूचं नेमकं कारणच ठरवता आलं नाही. जगण्याच्या हक्काचा भंग झाला, असं न्यायालयाने म्हटलं आणि सुमारे ३० लाख युरो भरपाई द्यायला सांगितली. क्रेमलिनला निकालाची भाषा मान्य नव्हती.

त्याआधी २०१६ च्या स्मृतिदिनी हॉलमध्ये पुतिनविरोधी मजकुराचे टी-शर्ट घालून उभ्या राहिलेल्या काही आयांना पोलिसांनी धरलं होतं आणि त्यांना शिक्षाही झाली होती. त्याच्याही आधी गावातल्या तीन पोलीस अधिकाऱ्यांवर हलगर्जीचा खटला चालला होता, पण २००७ मध्ये त्यांना माफी मिळाली. त्या दिवशी चिडलेल्या आयांनी न्यायालयाच्या खोलीची मोडतोड केली. २० ऑगस्ट २०२४ रोजी, हल्ल्याला वीस वर्षं होत आली असताना, पुतिन शाळेत आले आणि आयांच्या प्रतिनिधींना भेटले. तपास पूर्ण झालेला नाही, हे आयांनी त्यांना तोंडावर सांगितलं.

युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियाचं युरोपीय परिषदेतलं सदस्यत्व संपलं, त्यामुळे स्ट्रासबर्गचा दरवाजाही आता रशियन नागरिकांना बंद झालाय. बसायेव २००६ मध्ये मारला गेला. कुलायेवला जन्मठेप झाली. ३५४ हा आकडा जगाला सांगितल्याबद्दल, बंब उशिरा पाठवल्याबद्दल किंवा माणसं आत असताना 'श्मेल' डागल्याबद्दल मात्र एकाही वरिष्ठ अधिकाऱ्याला शिक्षा झालेली नाही.